बॅजखालचं नाव

ड्रमवरचा बॅज निघाला, वरचा रॅपही अर्धा सुटला, आणि खाली लाकडावर नाव दिसलं. तापलेल्या सळईने जाळून लिहिलेलं. ‘किसन मिस्त्री. माजरी.’ त्याच्या खाली थोड्या लहान अक्षरात, ‘वामनकरिता’.

मी हीट गन बंद केली आणि स्टुलावर बसले. समोर वामनभाऊंचा बेस ड्रम होता. ड्रमसेटमधला सगळ्यात मोठा, पायाने वाजवतात तो. हा सेट अस्सल विलायती आहे, असं वामनभाऊ मला तीनदा सांगून गेले होते.

माझं चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. आधी आमच्या ह्यांचं होतं. ते ढोलक, तबले, हार्मोनियम बघायचे आणि मी पॉलिश करायचे. सहा वर्षांपूर्वी ते गेले. मुलगी हैदराबादला असते. ती म्हणाली, दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये. मी पंधरा दिवस राहून आले. तिथे मला कुणी काही दुरुस्त करायला देत नव्हतं. परत येऊन शटर उघडलं. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचा सीझन असतो, तेव्हा हात रिकामे नसतात. उन्हाळ्यात मात्र दुकानात माझा आणि पंख्याचाच आवाज असतो. वामनभाऊ आले ते अशाच उन्हाळ्यात.

सत्तरीचे, सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला पेन. माजरीच्या कोळसा खाणीत नोकरी केलेली. रिटायर झाल्यावर गोंडपिपरीला आपल्या गावी राहायला आलेले. बायको वारलेली. मुलगा पुण्याला. छोटा हत्ती टेम्पोतून चार नग उतरवले. बेस ड्रम, दोन टॉम आणि एक स्नेअर. टॉम म्हणजे मधले ड्रम, एक बेस ड्रमवर बसवतात आणि एक जमिनीवर पायांवर उभा असतो. स्नेअर म्हणजे खाली तारा असलेला, कडक आवाजाचा. तो पत्र्याचा होता. बाकी तीन लाकडाचे आणि वरून लाल चमकीची शीट चढवलेली. या शीटला रॅप म्हणतात. रॅप जागोजागी फुगला होता, तडकला होता.

“मले हा सेट विहाराच्या हॉलमंदी द्याचा हाये,” वामनभाऊ म्हणाले. “पोरं वाजवो नाई तं ठेवो. पन नव्यासारखा करून द्या. लालच पाहिजे.”

“आणि बॅज?” मी विचारलं.

हा प्रश्न मी जुन्या ड्रमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते. बॅज म्हणजे कंपनीच्या नावाची पितळी पट्टी. लोकांना वाटतं ती चिकटवलेली असते. तसं नसतं. ड्रमच्या अंगाला एक भोक असतं, वाजवल्यावर आतली हवा बाहेर पडायला. बॅज त्या भोकावरच ठेवतात आणि मधून पितळेची रिंग घालून दाबून बसवतात. ताडपत्रीच्या कडेला दोरीसाठी रिंग असते ना, तशी. रॅप बदलायचा तर बॅज काढावा लागतो, आणि बॅज काढायचा तर रिंग तोडावी लागते. एकदा तुटली की जुनी रिंग पुन्हा बसत नाही. मग नवी रिंग बघून जाणकार माणूस लगेच म्हणतो, इथे कुणीतरी हात घातलाय. म्हणून आधी विचारायचं. बॅज परत लावायचा का? घासून चमकवायचा, की डाग तसेच ठेवायचे? काही जण म्हणतात, नवाच करून द्या. ते मी करत नाही. दुसऱ्याच्या नावाची पट्टी बनवायची नाही, हा ह्यांचा नियम होता. मीही तो मोडलेला नाही.

“बॅज तं पाहिजेच,” वामनभाऊ म्हणाले. “त्याच्याशिवाय लोकायले कसं समजन? आमच्या इकडे असा सेट कोनाकडेच नव्हता.”

त्यांनी खिशातून लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. हॉलमध्ये सेटजवळ ठेवायला आधीच छापून घेतलेलं. ‘अस्सल विलायती ड्रमसेट. वादक वामन दुर्गे.’

त्यानंतर दर गुरुवारी ते बसने यायचे. काम किती झालं ते बघायला, असं म्हणायचे. खरं तर पहिले दोन गुरुवार मी त्यांच्या सेटला हातही लावला नव्हता. ते बसायचे, चहा घ्यायचे आणि सांगायचे. खाणीत असताना पाच जणांची पार्टी होती. भीमगीतं गायची, लग्नात सिनेमाची गाणी वाजवायची. भद्रावती, वरोरा, पार वणीपर्यंत बोलावणं असायचं. पाचातले चार आता नाहीत. हे सांगताना ते एकेक बोट मुडपत नावं घ्यायचे. किसनचं नाव मात्र कधी आलं नाही. एक बोट ते नुसतंच मुडपायचे.

म्हणून त्या दिवशी लाकडावर नाव वाचलं तेव्हा ते कुणाचं, हे मला कळलं नाही. पण हे विलायती लाकूड नाही, एवढं कळलं.

मी कडेचा जुना रंग खरवडून पाहिला. कंपनीचे ड्रम प्लायचे असतात. लाकडाचे पातळ थर साच्यात वाकवून चिकटवलेले. कडेला ते थर दिसतात. इथे थर नव्हते. सागवानाच्या उभ्या पट्ट्या एकमेकींना जोडून, पिंपासारखा गोल केलेला होता आणि मग आतून-बाहेरून तासलेला. सेट उचलताना जड लागला होता तो यामुळे. आतून जाड करडा रंग मारलेला असल्याने माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. दोन्ही टॉम उघडले. तेही तसेच. जोड इतके नेमके होते की नखालाही सापडत नव्हते.

फसले मी लोखंडी सामानामुळे. कातडं ताणून धरणारे स्क्रू, त्यांच्या बैठका, वरच्या रिंगा, हे सगळं त्याच विलायती कंपनीचं होतं. खरंखुरं. म्हणजे सामान विलायती, बॅज विलायती आणि लाकूड आमच्या जंगलातलं.

आता माझ्यापुढे अडचण होती. नवा रॅप चढवला, बॅज त्याच जागी दाबला, तर नाव पुन्हा झाकलं जाणार होतं. कुणाला कधी कळलं नसतं. वामनभाऊंना हवं तेच मिळालं असतं. मी दोन दिवस त्या सेटवर चादर टाकून ठेवली आणि एका भजनी मंडळाच्या ढोलकीचं काम करत बसले. असं काही विचारायला आता घरात कुणी नाही. ह्यांच्या फोटोकडे पाहून मी बोलत नाही, मला ते जमत नाही. पण ते असते तर काय म्हणाले असते, हे मला माहीत होतं. त्यामुळे विचारायचंही फारसं काही नव्हतं.

गुरुवारी वामनभाऊ आले. मी आधी चहा दिला. मग चादर काढली.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग हात पुढे करून ‘वामनकरिता’वरून अंगठा फिरवला.

“हे कोनं लिवलं?”

“रॅपखाली होतं भाऊ. चाळीसेक वर्षांपूर्वीचं असेल. रॅप चढवायच्या आधी लिहिलेलं आहे.”

“नाई, नाई. त्यानं कलकत्त्याहून आनला होता. एक साहेब देश सोडून चालला होता, त्याच्यापासून घेतला म्हने.”

“कोणी आणला होता?”

त्यांनी अंगठा नावावरून उचलला. मग म्हणाले, “किसननं. आमचा गायक. खानीत सुतार होता.”

मी त्यांना कडेचे जोड दाखवले. पिंप कसं बांधतात ते सांगितलं. कंपनीचा ड्रम कसा असतो, तेही दुकानातल्या एका तुटक्या तुकड्यावर दाखवलं. ते मान हलवत होते, पण बघत नावाकडेच होते.

“झाकून टाका,” ते म्हणाले.

“भाऊ...”

“लाल रॅप चढवा. बॅज लावा. मले काई पाहाचं नाई.”

“तुमचा सेट आहे. तुम्ही म्हणाल तसं करीन,” मी म्हणाले. “पण एक सांगते. मी केलेल्या प्रत्येक कामात आतून एक कागद चिकटवते. काय जुनं आहे, काय बदललं, कधी बदललं. त्यात मी विलायती लिहिणार नाही.”

“आतमंदी कोन पाह्यते?”

“पुढचा मिस्त्री पाहतो.”

ते उठले. चप्पल घातली. दारात थांबून म्हणाले, “सात वर्सं बोललो नाई आमी. तो मेला तं मले आठ दिवसानं समजलं. तरी गेलो नाई.” आणि ऊन डोक्यावर असताना स्टँडकडे चालू लागले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला नाही. गिऱ्हाइकाला सामान परत न्यायची घाई नसेल तर फोन करू नये, हे एक कारण. दुसरं म्हणजे, आपण सांगितलं ते बरोबर केलं की नाही याची मला खात्री नव्हती. सत्तर वर्षांच्या एकट्या माणसाकडे अभिमानाने सांगायला एक गोष्ट होती. ती मी काढून घेतली होती. त्या दोन गुरुवारी मी चहा जास्तीचा ठेवला आणि नंतर गार झालेला टाकून दिला.

तिसऱ्या आठवड्यात ते मंगळवारीच आले.

“बाई, दुकान बंद करता येते का एक दिवस? माजरीले जाचं हाये. किसनची बायको हाये तिथी. सिंधुबाई. एकट्याले जाववत नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. चंद्रपूरला उतरून दुसरी गाडी, मग ऑटो. वाटेत वामनभाऊंनी भांडण काय होतं तेवढं सांगितलं. पार्टी मोडल्यावर सेट किसनच्या घरी असायचा. वामनभाऊ रिटायर झाले, गावी निघाले, तेव्हा टेम्पो घेऊन सेट न्यायला गेले. किसन दारात उभा राहिला. म्हणाला, हा सेट माझा आहे, इथेच राहील. वामनभाऊ म्हणाले, आणला तू असशील, पण आयुष्यभर वाजवला मी. चार शब्द इकडचे, चार तिकडचे. शेवटी वामनभाऊंनी सेट टेम्पोत चढवला. किसनने अडवलं नाही. तिथून पुढे बोलणं बंद.

सिंधुबाईंचं घर दोन खोल्यांचं. अंगणात कोळशाच्या धुळीचा काळा थर, तो त्या रोज झाडतात आणि रोज बसतो. वामनभाऊंना पाहून त्यांनी फक्त “या” म्हटलं आणि पाणी आणलं. गुडघे दुखत होते, भिंतीला धरून चालत होत्या.

मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो हातात धरला.

“हो. त्यायनंच लिवलं होतं. याच अंगनात.”

“मंग मले काऊन नाई सांगतलं?” वामनभाऊंनी विचारलं.

“तुमाले याद नाई का? खानीच्या सायबायच्या क्लबात एकदा तुमी त्यायच्या ड्रमवर बसले होते. परोग्राम सुरू व्हाच्या आंदी. त्या मॅनेजरनं तुमाले उठवलं. म्हने, हे विलायती हाये, तुज्यासारख्यानं हात लावाचं नाई.”

वामनभाऊंनी मान खाली घातली. “याद हाये.”

“मंग चार-पाच वर्सानं क्लबातल्या त्या सेटले उधई लागली. लाकूड पूरं खाल्लं. क्लबवाल्यायनं यायले सांगतलं, जाळून टाक. यायनं लोखंड काढून घेतलं, बॅज काढून घेतले, बाकी जाळलं. सहा महिने अंगनात ठोकठोक. तुमी कदी आले तं पोत्याखाली झाकून ठेवत.”

“पन सांगाचं तं होतं.”

“सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते, किसननं बनवला. तुमाले विलायती ड्रमवर बसवाचं होतं त्यायले. त्याच बॅजच्या मांगं.”

बाहेर डंपर जात होते, भांडी हलत होती.

मग वामनभाऊ म्हणाले, “येवढं केलं, तं जातानी काऊन अडवलं त्यानं मले? माजाच होता नं?”

सिंधुबाईंनी फोन माझ्या हातात परत दिला.

“तुमी गावाले चालले होते भाऊ. सेट इथी राह्यला असता तं तुमी वाजवाले येत राह्यले असते. येवढंच होतं त्यायच्या मनात. त्यायले बोलता नाई आलं.”

वामनभाऊ उठून अंगणात गेले. आम्ही दोघी आतच बसलो. सिंधुबाईंनी मला विचारलं, तुमचे मालक काय करतात. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग तुमाले सांगाची गरज नाई.” आणि भाताचं विचारलं. जेवूनच निघालो.

परतीच्या बसमध्ये वामनभाऊ खिडकीशी बसले होते. चंद्रपूर सुटल्यावर त्यांनी विचारलं, “काय काय करता येते, बाई?”

मग आम्ही खरं काम ठरवलं. लाल रॅप नको, हे त्यांनीच सांगितलं. सागवान उघडं ठेवायचं आणि वरून फक्त पारदर्शक पॉलिश. किसनने लिहिलेलं नाव घासायचं नाही, गडदही करायचं नाही, आहे तसं पॉलिशखाली राहू द्यायचं. त्यांना एक वाटत होतं, की किसनच्या नावाची पितळी पट्टी करून लावावी. मी नको म्हणाले. त्याने पट्टी लावली नव्हती. त्याने जे केलं ते समोर आहे. आपण सुधारायला गेलो तर ते आपलं होईल. त्यांना पटलं.

हवेची भोकं बुजवून चालत नाहीत, आवाज कोंडतो. तिथे साध्या नव्या रिंगा बसवल्या, बॅजशिवाय. राहिले विलायती बॅज. वामनभाऊ आधी म्हणाले, फेका. मग म्हणाले, ठेवा. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, की वरचं लोखंड त्याच कंपनीचं आहे, त्यामुळे बॅज पूर्ण खोटे नाहीत. पण बॅज सांगतो ते लाकडाबद्दल, लोखंडाबद्दल नाही. त्यामुळे बाहेर नको. तिन्ही बॅज मी बेस ड्रमच्या आत, कागदाशेजारी लावले. कागदावर लिहिलं: तिन्ही लाकडी ड्रम सागवानाचे, किसन मिस्त्री, माजरी यांनी बनवलेले. लोखंडी सामान व आतले बॅज एका जुन्या विलायती सेटचे. रॅप काढून पॉलिश, मूल. खाली माझी सही.

पॉलिशला अकरा दिवस लागले. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, बारीक पॉलिश-कागदाने घासायचा, पुन्हा मारायचा. वामनभाऊ त्या दिवसांत दोनदा आले. बोलायचे कमी. एकदा त्यांनी स्वतः कागद घेऊन लहान टॉम घासला. खूप हळू घासत होते. दाब कमी पडत होता, पण मी काही म्हणाले नाही. ते गेल्यावर पुन्हा घासला.

कार्ड नवं करायचं होतं. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. ‘ड्रमसेट. बनवणारा किसन मिस्त्री, माजरी. वाजवणारा वामन दुर्गे.’ मी विचारलं, विलायती शब्द पूर्ण काढायचा का. ते म्हणाले, “हो. आता कशाले?” थोड्या वेळाने म्हणाले, “लोकं हासतीन. चाळीस वर्सं सांगत होतो.”

कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर हसायला फारसं कुणी नव्हतंच. विहाराच्या हॉलमध्ये खुर्च्या पन्नास मांडल्या होत्या आणि माणसं वीसेक आली. तरुण मुलं मोबाइलवर शूटिंग करून निघून गेली. सिंधुबाईंना गुडघ्यांमुळे येता आलं नाही. वंदना झाली, दोघांची भाषणं झाली, मग वामनभाऊ सेटवर बसले. सात-आठ मिनिटं वाजवलं. हात जड झाले होते, मधे एकदा ताल सुटला आणि त्यांनी तो पुन्हा धरला. पण सागवानाचा आवाज चांगला भरीव येत होता. मी शेवटच्या रांगेत बसून तोच ऐकत होते. धंद्याची सवय. दुरुस्त केलेलं वाद्य वाजताना मी गाणं ऐकत नाही, जोड ऐकते. एकही जोड बोलला नाही.

वाजवून झाल्यावर त्यांनी बेस ड्रमवरच्या नावावर हात ठेवला आणि खाली उतरले. टाळ्या वाजल्या. कार्ड किती जणांनी वाचलं, मला माहीत नाही. फोटोची एक प्रिंट काढून मी सिंधुबाईंना पोस्टाने पाठवली. त्यांचा फोन साधा आहे.

या कामानंतर मी माझ्या जॉब कार्डावर एक ओळ वाढवली. बॅजखाली किंवा रॅपखाली काही निघालं तर कळवायचं का, हो की नाही. गिऱ्हाईक फॉर्म भरताना सहज ‘हो’वर टिक करतं. मी थांबवते आणि म्हणते, नीट वाचून करा.

वामनभाऊ त्यानंतर एकदा फोनवर बोलले. तब्येत ठीक आहे म्हणाले, महिन्यातून एकदा माजरीला चक्कर होते म्हणाले. मूलला मात्र आले नाहीत. काही काम उरलं नव्हतं. काम चांगलं झालं की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, हे या धंद्यात पहिल्याच वर्षी कळतं. मला अजून गुरुवारी दुपारी ते नव्याने शिकावं लागतं.